जाऊन येतो! जपानमधल्या शाळेच्या दिवसाची सकाळ



आम्ही तिघी जपानातून बोलतोय. एक सांगलीकडची, एक बीडची, एक यवतमाळची. नवऱ्यांच्या नोकऱ्यांमुळे इकडे आलो, तोक्योच्या शेजारच्या कानागावा प्रांतात एकाच वस्तीत राहिलो आणि मैत्रिणी झालो. आमची मुलं इथल्या सरकारी शाळांत जातात. तुम्ही विचारलं होतं, तिकडच्या बायकांची सकाळ कशी असते? त्यांना आपल्यासारखी धावपळ असते का, की सगळं यंत्रंच करतात? म्हणून आज शाळेच्या दिवसाची एक सकाळ सांगतो. घर आमच्यातल्या एकीचं आहे, पण थोड्याफार फरकानं तिघींचं तेच आहे, आणि शेजारच्या जपानी घरांतही तेच.

आधी घड्याळ जुळवून घेऊ. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. इथे सकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे दोन. तुम्ही गाढ झोपेत असता आणि आमच्या मैत्रिणीच्या घरी भाताच्या कुकरची टुणटुण वाजते. रात्रीच तांदूळ धुऊन, पाणी मोजून, कुकरला वेळ लावून ठेवायची इथे घरोघरी पद्धत आहे. म्हणजे भात यंत्रानं केला हे खरं. पण तांदूळ धुतले कुणी, आणि उद्या किती जण घरी जेवणार हे लक्षात ठेवलं कुणी, ते यंत्राला विचारू नका.

साडेपाच ते सहा डब्याची वेळ. इथे डब्याला बेंतो म्हणतात. प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण शाळाच देते, पण तिची मुलगी आता सातवीच्या वयाची, माध्यमिक शाळेत आहे, आणि तिच्या शाळेत जेवण मिळत नाही. मग रोज डबा. अर्ध्या डब्यात भात, उरलेल्या अर्ध्यात तीन-चार पदार्थ, थोडे थोडे. अंड्याची गोडसर गुंडाळी, उकडलेली ब्रोकोली, एखादी परतलेली भाजी. आमची मैत्रीण त्यात बटाट्याची आपली पिवळी भाजी बसवते. भात वाफाळता असताना झाकण लावायचं नाही, हे तिला शेजारच्या आजींनी शिकवलं. झाकणाला वाफ धरते, पाणी भातावर पडतं आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत डबा आंबतो. म्हणून डबा उघडा ठेवून गार करायचा, मग झाकायचा, फडक्यात बांधायचा. उन्हाळ्यात वर एक बर्फाची छोटी पिशवी. पूर्वापार लोक भाताच्या मधोमध खारवलेलं आंबट उमे फळ ठेवत आले आहेत, तेही भात टिकावा म्हणूनच. आपण प्रवासाला दशम्या आणि लोणचं बांधून देतो, त्यातलाच हा विचार.

सहाला मुलं उठतात. उठवावं लागतं, हे खरं. मुलं सगळीकडे सारखीच. टीव्ही लावलेला असतो, पण बघायला कमी आणि वेळेसाठी जास्त. सकाळच्या कार्यक्रमांत पडद्याच्या कोपऱ्यात सतत वेळ दिसते. सहा बावीसला हवामान आलं की छत्री, सहा चाळीसला अमुक आलं की दात घासायला, असा घरचा ताल बसलेला असतो.

साडेसहाला शेजारच्या अंगणातून रेडिओ ऐकू येतो. ही गोष्ट तुम्हाला आवडेल. १९२८ सालापासून जपानच्या सार्वजनिक रेडिओवर व्यायाम लागतो. पियानोच्या तालावर हात वर, कंबर वाकवा, उड्या. आमच्या शेजारच्या आजी अजून रोज करतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीतली मुलं मैदानात जमून हा व्यायाम करतात आणि रोज आपल्या कार्डावर शिक्का मारून घेतात. रेडिओ ऐकून मुलं वेळेवर उठतात, असं आमच्या गावच्या रेडिओनंही करून बघायला हरकत नाही!

मग न्याहारी. भात, मिसोचं गरम कढण, भाजलेला मासा, आंबवलेलं सोयाबीन म्हणजे नात्तो, हा जुना थाट. आता पुष्कळ घरांत पाव आणि अंडं असतं. पण सकाळी काहीतरी खाऊनच मूल शाळेत गेलं पाहिजे, यावर इथे फार भर आहे. २००६ पासून सरकारनंच मोहीम चालवली आहे : लवकर नीज, लवकर ऊठ, सकाळचं खा. शाळेतून तसे तक्ते येतात. मूल किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, काय खाल्लं, ते आठवडाभर घरी भरायचं. तक्ता मुलाचा असतो, भरते आई.

आता येतं दप्तर. पहिलीच्या मुलाचं दप्तर इथे कडक चामड्यासारखं असतं, त्याला रान्दोसेरु म्हणतात. ते सहा वर्षं टिकलं पाहिजे म्हणून मजबूत घेतात. किंमत ऐकून आम्ही खालीच बसलो होतो. चांगलं दप्तर पन्नास-साठ हजार येन, म्हणजे आपले तीस हजार रुपयांच्या आसपास. पुष्कळ घरांत आजी-आजोबा घेऊन देतात. आम्हाला एका जपानी बाईनं तिच्या मुलाचं जुनं दिलं, सहा वर्षं वापरून झालेलं आणि तरी धड.

पण दप्तरापेक्षा जास्त दमवतात त्या बाकीच्या गोष्टी. शाळेत घालायच्या पांढऱ्या चपला वेगळ्या, त्या शुक्रवारी घरी येतात, धुऊन सोमवारी परत. जेवण वाढायची पाळी मुलांचीच असते, त्याचा पांढरा झगा आणि टोपी आठवड्याअखेर घरी येते, धुऊन इस्त्री करून पाठवायची. वर्ग मुलंच झाडतात-पुसतात, त्यासाठी सत्राच्या सुरुवातीला शिवलेली फडकी द्यायची. आणि प्रत्येक वस्तूवर नाव. पेन्सिलीवर, रंगकांडीवर, मोजायला दिलेल्या बोटाएवढ्या एकेका काडीवरसुद्धा. पहिलीत प्रवेश झाला त्या आठवड्यात आम्ही तिघी रात्री बारापर्यंत काड्यांवर नावं चिकटवत बसलो होतो.

रोज सकाळी वही बघायची. शाळा आणि घर यांच्यातला निरोप त्या वहीत असतो. बाईंनी लिहिलेलं वाचायचं, सही किंवा शिक्का मारायचा. भाषा जपानी, अक्षर हाताचं. पहिल्या वर्षी आमचा निम्मा वेळ त्या अक्षरांवर गेला.

आणि याच वेळात कचरा. इथे कचरा रोजचा रोज उचलत नाहीत. जळणारा कचरा आठवड्यातून दोन दिवस, प्लॅस्टिक एक दिवस, बाटल्या वेगळ्या दिवशी, आणि सगळा सकाळी आठच्या आत कोपऱ्यावर ठेवायचा, वर जाळी टाकायची, नाहीतर कावळे पिशव्या फोडतात.

सहा पन्नासला मैत्रिणीचा नवरा आगगाडीसाठी निघतो. सव्वासातला मुलगी निघते, तिला शाळेआधी खेळाचा सराव असतो. दारात बूट घालता घालता ती म्हणते, ‘‘इत्तेकिमासु!’’ आणि घरातलं माणूस म्हणतं, ‘‘इत्तेराश्शाई!’’ मैत्रिणींनो, याचा अर्थ काय असेल? ‘जाऊन येते’ आणि ‘जाऊन ये’. अक्षरशः हाच. घरातून निघताना नुसतं ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे आपल्याला आजीनं शिकवलं आणि इथल्या मुलांना त्यांच्या आजीनं. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी आम्हाला हा देश जरा कमी परका वाटला.

इथली लहान मुलं शाळेत चालत जातात, आईबापांशिवाय. आमच्या वस्तीत सात चाळीसला कोपऱ्यावर आसपासच्या घरांतली मुलं जमतात. सहावीतलं मूल पुढे, हातात झेंडा, पहिलीची मुलं पिवळ्या टोप्या घालून मध्ये, मागे पुन्हा मोठं मूल. सात पंचेचाळीसला ओळ निघते. दप्तराला एक छोटं यंत्र लटकवलेलं असतं, दोरी ओढली की मोठ्यानं वाजतं. वाटेत काही घरांवर, दुकानांवर खुणेची पाटी असते, की भीती वाटली तर मुलानं इथे शिरावं. चौकात झेंडा घेऊन पालक पाळीपाळीनं उभे राहतात. तोक्योत १९५९ साली मुलांना रस्ता ओलांडून देण्याचं हे काम पगारी म्हणून सुरू झालं, ते नवरा गमावलेल्या बायकांना रोजगार मिळावा म्हणून. त्यांना ‘हिरव्या मावशी’ म्हणत.

आता जे सांगायचं म्हणून बसलो, त्याकडे येतो.

आमची ही मैत्रीण डबे बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. आमच्यासारख्या नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. ती सकाळी आठ ते एक करते. आठला टोपी, मास्क, हातमोजे घालून पट्ट्यासमोर उभं राहायचं, म्हणजे सात पंचवीसला सायकलवर टांग मारलीच पाहिजे. मुलगा पाळणाघरात होता तोवर अडचण नव्हती, ते सातला उघडायचं. पण मूल पहिलीत गेलं की पाळणाघर संपलं, आणि शाळेचं फाटक उघडतं आठला. या अडचणीला इथे नावच आहे, ‘पहिलीची भिंत’. मूल मोठं होतं आणि आईची नोकरी सुटते, अशी ही भिंत. आता काही ठिकाणी जाग येते आहे. ओसाकाजवळच्या तोयोनाका शहरानं २०२४ पासून प्राथमिक शाळांची फाटकं सकाळी सातला उघडायला सुरुवात केली. आमच्या गावात अजून तसं नाही.

तर सात पंचवीस ते सात चाळीस, ही पंधरा मिनिटं सहा वर्षांचा मुलगा घरात एकटा. टीव्हीच्या कोपऱ्यात ७:३८ दिसलं की टीव्ही बंद करायचा, कुलूप लावायचं, किल्ली दप्तराच्या दोरीला, आणि कोपऱ्यावर जायचं. एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली, महिनाभर त्यानं नीट केलं. मे महिन्यात एका पावसाळी सकाळी तो चित्रं बघत राहिला. खाली आला तेव्हा कोपऱ्यावर कुणीच नव्हतं. ओळ निघून गेली होती. तो छत्री धरून तिथेच उभा राहिला, कारण आईनं सांगितलं होतं, कोपरा सोडायचा नाही. शेजारच्या आजी कचऱ्याची जाळी आवरायला आल्या, तेव्हा त्यांना तो दिसला. त्यांनी हाताला धरून शाळेत पोचवला. आईचा फोन कारखान्यातल्या कपाटात. तिला कळलं दुपारी एकनंतर.

त्या संध्याकाळी ती आम्हाला म्हणाली, ‘‘मी काम सोडते.’’ आम्ही म्हटलं, थांब जरा. ते पैसे तिचे होते. त्यातून ती माहेरी आईच्या औषधाला पाठवत होती.

जूनमध्ये दुसरं झालं. उन्हाळ्यात शाळेत पोहणं शिकवतात. त्या दिवशी सकाळी मुलाचा ताप मोजून कार्डावर लिहायचा आणि पालकाचा शिक्का मारायचा. शिक्का नसेल तर पाण्यात उतरता येत नाही. तिनं ताप मोजला, ३६.५ लिहिला, तेवढ्यात कुकर वाजला, मुलीला मोजे सापडेनात, आणि शिक्का राहिला. मुलगा तासभर काठावर बसून इतर मुलांना पोहताना बघत होता. घरी येऊन काही बोलला नाही. रात्री वही उघडताना बाईंची चिठ्ठी दिसली. नवरा म्हणाला, ‘‘एवढी साधी गोष्ट. कशी विसरलीस?’’

तो काही वाईट माणूस नाही. त्यानं सहज विचारलं. पण ती रात्रभर जागी होती.

शनिवारी आम्ही तिघी तिच्या स्वयंपाकघरात बसलो. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि साडेपाच ते सात पंचवीसमध्ये तिच्या हातून काय काय होतं ते लिहायला लागलो. जपानीत अलीकडे एक शब्द रूढ झाला आहे, ‘नाव नसलेलं घरकाम’. स्वयंपाक, धुणं, झाडलोट यांना नावं आहेत. पण संपलेली साबणाची बाटली भरून ठेवणं, उलटे मोजे सुलटे करणं, दुधाचं खोकं धुऊन, कापून, वाळत घालणं, उद्या शाळेत काय न्यायचं ते डोक्यात धरून झोपणं, याला नाव काय? नाव नाही म्हणून ते कुणाला दिसत नाही. दिसत नाही म्हणून राहिलं की मात्र दिसतं.

लिहिता लिहिता ४१ कामं झाली. आम्हालाच खरं वाटेना.

नवऱ्यानं ते पान उभ्या उभ्या वाचलं. मग बसून वाचलं. म्हणाला, ‘‘कचरा तर मी टाकतो.’’ खरं होतं. आम्ही म्हटलं, बघा ना खाली. पानावर कचऱ्याची पाच कामं होती. आज कोणता कचरा ते बघणं, खोल्याखोल्यांतून गोळा करणं, बाटल्यांची झाकणं आणि कागद काढणं, पिशवी बांधणं, नवीन पिशवी लावणं. तो बांधलेली पिशवी दारातून उचलून कोपऱ्यावर न्यायचा, ते सहावं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘मला वाटायचं कचरा म्हणजे तेवढंच.’’

भांडण झालं नाही, असं सांगणार नाही. थोडं झालं. पण पान भिंतीवर लागलं. वही आणि पोहण्याचं कार्ड नवऱ्याकडे गेलं, तो रात्री वही बघून शिक्का मारतो आणि सकाळी निघण्याआधी ताप मोजतो. कचरा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचा. मुलगी आपले मोजे आणि पाण्याची बाटली स्वतः बघते. मुलगा दारातले सगळे बूट, टोकं बाहेर करून ओळीनं मांडतो, ते इथल्या घरांत असतंच, आता ते त्याच्या नावावर आहे.

आणि ती पंधरा मिनिटं? नवऱ्यानं कार्यालयात विचारलं. विचारायला त्याला तीन आठवडे लागले, लाज वाटत होती. आठवड्यातून दोन दिवस उशिरा येऊन उशिरा जायची परवानगी मिळाली. उरलेले तीन दिवस शेजारच्या आजी म्हणाल्या, मी नाहीतरी जाळी काढायला येतेच, त्याला साडेसातला माझ्याकडे पाठव. बदल्यात आमची मैत्रीण त्यांचा जड कचरा नेते आणि महिन्यातून एकदा त्यांना आपला मसाले भात देते. आजींना तो फार आवडतो, तिखट जरा कमी. काम सुटलं नाही.

आता खरं सांगतो, सगळं समान झालं नाही. परवा मोजलं, ४१ पैकी २५ अजून तिच्याकडेच आहेत. सगळ्या जपानाचंच तसं आहे. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरांत आई घरकाम आणि मुलांचं करण्यात दिवसाला ७ तास २८ मिनिटं घालवते, बाप १ तास ५४ मिनिटं. ही तिथल्या सरकारचीच २०२१ ची पाहणी. आपल्याकडे २०१९ च्या सरकारी पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारात एकच. तेव्हा यंत्रं आली, आगगाड्या वेळेवर धावल्या, तरी हा हिशोब आपोआप बदलत नाही. तो कागदावर मांडावा लागतो.

एक गोष्ट मात्र इथली घेण्यासारखी वाटते. शाळेतलं जेवण. जपानात त्याची सुरुवात १८८९ साली त्सुरुओका गावातल्या एका देवळातल्या शाळेत झाली, गरीब मुलांसाठी, भाताचे गोळे आणि खारा मासा देऊन. आज प्राथमिक शाळेतल्या जवळजवळ सगळ्या मुलांना ते मिळतं आणि मुलं स्वतः वाढतात, मुलगेही. आपल्याकडे शाळेची खिचडी शिजवणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जणी आहेत. तिथे वाढायला आणि ताटं गोळा करायला मुलग्यांना उभं करून बघा. सहा वर्षांच्या वयात लागलेली सवय टिकते.

आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीत, हप्ते मोजून झाले की, एक कागद घ्या. सकाळी उठल्यापासून मूल शाळेत जाईपर्यंत आपल्या हातून काय काय होतं ते लिहा. पाणी भरणं लिहा, गोठा लिहा, सासूबाईंच्या गोळ्या लिहा, शेतावरची भाकरी लिहा. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शेजारणीनं लिहावं. मग तो कागद घरी न्या आणि दिसेल तिथे लावा. आधी भांडायला जाऊ नका. आधी वाचू द्या.

इथे आता सात पंचेचाळीस झाले. खिडकीतून पिवळ्या टोप्यांची ओळ दिसते आहे. आमच्या मैत्रिणीचा मुलगा तिसरा. तुमच्याकडे सव्वाचार वाजले असतील, आणि तुमच्यातल्या कित्येकींनी चूल पेटवली असेल. आम्हालाही कामाला निघायचं आहे.

जाऊन येतो, मैत्रिणींनो.